चाक मोजण्याआधी गेज मोजा

(बंगळूर येथे मराठी भाषक रेल्वे व टपाल कामगार प्रतिनिधींच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या नावापुढे ‘कारखान्यातील मापनपद्धतीची विश्वासार्हता’ असा विषय छापला आहे. तो वाचून काल रात्री पंगतीत टपालातल्या एका बंधूंनी विचारले, “सेक्रेटरी, हा विषय इंजिनियर लोकांचा. आम्ही पोस्टमन-सॉर्टर मंडळी तिथे बसून काय करणार?” आम्ही म्हटले, या तर खरे, तुमच्या काउंटरवरचा काटाही त्यात आहे. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. जेवढे आम्हाला समजले तेवढेच सांगू, आणि जिथे समजायला आम्हाला वेळ लागला तिथे जरा जास्त थांबू.

सुरुवात एका चार्जशीटपासून करतो.

साल १९९८. आम्ही मालडब्यांच्या तपासणीत फिटर होतो आणि शाखेचे काम नुकतेच अंगावर घेतले होते. डेपोचे नाव सांगत नाही, कारण गोष्ट कोणत्याही डेपोत घडू शकते. आमच्या एका सहकाऱ्याने रात्रपाळीत गाडी तपासून सोडली. पुढच्या यार्डात त्याच गाडीतली एक वाघीण ‘सिक’ झाली. कारण लिहिले ‘थिन फ्लँज’. टपालातल्या मंडळींसाठी सांगतो, रेल्वेच्या चाकाला आतल्या अंगाला एक कड असते, तिला फ्लँज म्हणतात. ती कड चाकाला रुळावर धरून ठेवते. धावून धावून ती झिजते. नव्या चाकाची कड २८ मिलिमीटरहून जाड असते. मालगाडीत ती झिजून १६ मिलिमीटरच्या खाली गेली की चाक बाद. हे तपासायला आमच्याकडे टायर डिफेक्ट गेज नावाचा पोलादी पत्र्याचा कापलेला तुकडा असतो. त्यावर आकडा वाचायचा नसतो. चाकाला लावला की दोनच उत्तरे मिळतात, पास किंवा बाद.

आमच्या गेजने पास केलेले चाक पुढच्या गेजने बाद केले. झाले! सहकाऱ्याच्या हातात एसएफ-फाइव्ह. म्हणजे मोठ्या शिक्षेची चार्जशीट. आरोप असा, की गाडी न तपासताच फिट दिली आणि जीविताला धोका निर्माण केला. घरी दोन मुली, बायको आजारी. रात्री तो आमच्याकडे आला आणि एकच वाक्य म्हणाला, “मी खाली बसून गेज लावला होता हो.”

चौकशीत बचाव सहाय्यक म्हणून आम्ही उभे राहिलो. वाघीण अजून सिक लाइनवरच होती. आम्ही मागणी केली की दोन्ही गेज आणा आणि त्याच चाकाला लावा. चौकशी अधिकारी तरुण होते, मनाने सरळ होते. त्यांनी ऐकले. आमचा गेज म्हणाला पास, त्यांचा म्हणाला बाद. स्टोअरमधून कोरा गेज मागवला. तो चाकाच्या एका जागी पास म्हणाला आणि हातभर पुढे सरकवला तर बाद! कड सगळीकडे सारखी झिजलेली नव्हती. शिवाय उजेडात धरल्यावर दिसले, की त्यांच्या गेजची खाच वापरून वापरून खाल्ली गेली आहे.

मग अधिकाऱ्यांनीच सुचवले, की जरा नीट बघू. सिक लाइनवरची दहा चाके निवडली आणि खडूने नंबर टाकले. कोरा गेज घेतला. आमचा एक फिटर, त्यांचा एक फिटर आणि तिसरे आम्ही. प्रत्येकाने दहाही चाके सकाळी तपासली आणि दुपारी पुन्हा तपासली, क्रम बदलून. सकाळचा निकाल दुपारी कोणाला दाखवला नाही. असे साठ निकाल झाले. सात चाकांवर सहाही वेळा एकच उत्तर आले. तीन चाकांवर उत्तर फुटले आणि वादाचे चाक त्या तिघांत होते. सांगायला लाज वाटते, पण त्यांतल्या एका चाकाला सकाळी ‘पास’ आणि दुपारी ‘बाद’ म्हणणारा माणूस आम्ही स्वतः होतो. आरोपीचा बचाव करायला आलेला माणूस!

आरोप सिद्ध झाला नाही. झिजलेला गेज काढून टाकला गेला. आणि ते चाकही बदलले गेले. त्या बदलाला आमची पूर्ण संमती होती, हे इथे मुद्दाम सांगतो. सीमेवरच्या चाकाबद्दल शंका असेल तर चाक काढलेच पाहिजे, गाडीखाली माणसे काम करतात आणि रुळांवरून माणसे जातात. पण त्याच शंकेपायी एखाद्याची नोकरी घ्यायची, याला आमचा विरोध होता आणि आहे.

या प्रकाराला शास्त्र आहे, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. ते कळले याच बंगळुरात, बऱ्याच वर्षांनी. आमचा सांगलीचा भाचा इथे पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहे. त्याला ही गोष्ट सांगितली तर तो हसला आणि म्हणाला, “मामा, हे तर आम्ही दरवर्षी करतो. याला गेज आर अँड आर म्हणतात. करून दाखवल्याशिवाय गाडीवाले माल घेत नाहीत.”

मोटारधंद्यात ही गोष्ट कागदावर पक्की झाली ती १९९० साली. अमेरिकेतल्या क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्स या तीन बड्या कंपन्यांच्या लोकांनी मिळून मापनपद्धतीच्या परीक्षेचे एक पुस्तक काढले. पुढे त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. आज पीण्या असो की आपले भोसरी-चाकण, सुटे भाग बनवणारा कारखाना त्याच धर्तीवर चालतो. त्याच्या मागची विद्या आपल्या देशाला त्याही आधीपासून माहीत होती. कारखान्यातल्या आकडेशास्त्राचे जनक वॉल्टर शूहार्ट हे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या बोलावण्यावरून १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले होते. महालनोबिसांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची शाखा या बंगळुरातही आहे.

आता ती परीक्षा कशी घेतात ते सांगतो. नेहमीच्या उत्पादनातले दहा नग घ्यायचे. रोज मोजणारी तीन माणसे घ्यायची, साहेब नव्हेत. प्रत्येकाने प्रत्येक नग दोन किंवा तीन वेळा मोजायचा. नगांचे नंबर मोजणाऱ्याला दिसू द्यायचे नाहीत आणि क्रम दर वेळी बदलायचा, नाहीतर माणूस मघाचा आकडा आठवून तोच पुन्हा सांगतो. यात वाईट हेतू नसतो, तो मनाचा स्वभावच आहे.

यातून दोन फरक बाहेर येतात. एकाच माणसाने तोच नग त्याच गेजने पुन्हा मोजला आणि आकडा हलला, तर तो एकाच हाताचा फरक. त्याचे कारण बहुधा गेजमध्ये किंवा नग पकडण्याच्या पद्धतीत असते. तीन माणसांची सरासरी वेगवेगळी आली, तर तो हाताहातातला फरक. त्याचे कारण बहुधा शिकवण्यात असते. एक जण मायक्रोमीटर घट्ट आवळतो, दुसरा हलका धरतो आणि कसा धरायचा हे दोघांनाही कोणी सांगितलेले नसते. इंग्रजीत यांना रिपीटेबिलिटी आणि रिप्रोड्युसिबिलिटी म्हणतात, त्यावरूनच ते आर अँड आर. आमच्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट ही, की दोष कुठे आहे ते वेगळे काढता येते. सरसकट ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा शेरा मग मारता येत नाही.

आता गणित. हे भाच्याने आम्हाला तीनदा समजावले. नगांमध्ये मुळातच काही फैलाव असतो, कोणी जाड, कोणी बारीक. त्यात मोजण्याचा फैलाव मिसळतो. कागदावर दिसतो तो दोन्ही मिळून झालेला फैलाव. पण हे दोन फैलाव सरळ बेरजेने मिळत नाहीत, त्यांचे वर्ग मिळतात. शाळेत काटकोन त्रिकोण शिकलात ना? तीन, चार, पाच. नगांचा खरा फैलाव ४ असेल आणि मोजण्याचा ३, तर कागदावर ७ दिसत नाही, ५ दिसतो. या ५ मध्ये मोजण्याचा वाटा ३, म्हणजे ६० टक्के. नगांचा वाटा ४, म्हणजे ८० टक्के. बेरीज १४० टक्के! एखादा अर्धवट शिकलेला अधिकारी म्हणेल की तुमचा हिशेब चुकला. चुकलेला नाही, तो पायथागोरसचा हिशेब आहे.

त्या पुस्तकाचा दंडक असा आहे. मोजण्याचा वाटा १० टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली. १० ते ३० असेल तर काम किती नाजूक आहे ते बघून चालवून घ्यायची. ३० च्या वर असेल तर त्या पद्धतीच्या आकड्यावर निर्णय घ्यायचा नाही, आधी पद्धत दुरुस्त करायची. हाच वाटा नियमाने दिलेल्या सूटीशीही ताडून बघतात.

आपल्या घरचे उदाहरण घेऊ. ब्रॉडगेजच्या जोडचाकात दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर १६०० मिलिमीटर असते. १५९९ ते १६०२ एवढे चालते. म्हणजे सूट सगळी मिळून ३ मिलिमीटरची. समजा आपल्याकडच्या मोजपट्टीचा आणि हातांचा मिळून फैलाव १ मिलिमीटर आहे. म्हणजे सूटीचा तिसरा हिस्सा मोजण्यानेच खाल्ला, ३३ टक्के. अशा पट्टीवर १६०२ वाचले तर खरे अंतर १६०१.५ असू शकते, तसेच १६०२.५ सुद्धा असू शकते. पहिल्या वेळी चांगले जोडचाक बाद होईल, दुसऱ्या वेळी वाईट जोडचाक गाडीखाली जाईल. दोन्ही वेळा रजिस्टरात सही कोणाची? फिटरची. म्हणून जाणते कारखाने अशा वेळी सीमारेषा निम्म्या फैलावाइतकी आत ओढून घेतात. १६०२ पर्यंत न जाता १६०१.५ लाच थांबतात. आणि मग बाद होणारा जास्तीचा माल हा पट्टीचा खर्च म्हणून लिहितात, कामगाराच्या नावावर टाकत नाहीत.

आता बंगळूर. उद्या सकाळी आपली तुकडी यलहंकाच्या रेल्वे चाक कारखान्यात जाणार आहे. १९८४ साली सुरू झाला तेव्हा त्याचे नाव व्हील अँड अ‍ॅक्सल प्लांट होते. २००३ पासून रेल व्हील फॅक्टरी. आपल्या पायाखालून जाणारी असंख्य चाके तिथली आहेत. रेल्वेचेच भंगार, त्यात जुनी झिजलेली चाकेही आली, विजेच्या भट्टीत वितळवतात आणि ग्रॅफाइटच्या साच्यात खालून दाबाने रस चढवून नवे चाक ओततात. ओतकाम बघण्यासारखे आहेच. पण आम्ही सांगतो, तिथे जास्त वेळ तपासणीच्या जागी उभे राहा. चाकाची कठीणता मोजतात, अल्ट्रासॉनिक आवाजाने पोटातला दोष शोधतात आणि चुंबकीय तपासणीत वरची बारीक भेग शोधतात. अ‍ॅक्सलच्या बैठकीचा व्यास आणि चाकाच्या भोकाचा व्यास यांत मिलिमीटरचा एक लहानसा अंश एवढाच फरक ठेवलेला असतो. भोक लहान, बैठक मोठी, आणि प्रेसने दाबून चाक चढवायचे. तो अंश चुकला तर चाक सैल बसेल किंवा तडकेल. एवढ्या बारीक ठिकाणी उन्हाळाही मोजमापात भाग घेतो. पोलाद दर मीटरला दर अंश उष्णतेमागे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहून थोडे जास्त वाढते. मापांसाठी जगाने ठरवलेले तापमान २० अंश सेल्सिअस आहे. इथे बंगळुरात हवा सौम्य. आपल्या सोलापुरात मे महिन्यात शेडमध्ये काय होते ते तुम्हीच जाणता. गेज एसीच्या खोलीत आणि चाक पत्र्याखाली, असे असेल तर दोघांची भेट खरी होत नाही.

चुंबकीय तपासणीबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण तिथे गेज म्हणजे माणसाचा डोळा. अंधाऱ्या जागेत जांभळ्या-अतिनील दिव्याखाली भेगेची रेघ हिरवट चमकते आणि ती डोळ्याने टिपायची. उजेडातून आत गेलेल्या डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. पाळीच्या सातव्या तासाला डोळा पहिल्या तासासारखा राहत नाही. अशा पास-बाद तपासणीची परीक्षा त्याच पद्धतीने घेतात, जी आम्ही नकळत त्या सिक लाइनवर घेतली होती. खरे उत्तर आधीच माहीत असलेले चांगले-वाईट नग मिसळून द्यायचे आणि बघायचे की माणूस स्वतःशी किती वेळा जुळतो, दुसऱ्याशी किती वेळा जुळतो आणि खऱ्याशी किती वेळा. ही परीक्षा सातव्या तासाला घ्या, अशी मागणी कोणत्याही कारखान्यात युनियनने करावी. निकाल घसरला, तर विश्रांती आणि आळीपाळी मागायला दुसरा पुरावा लागत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकू. साहेब म्हणतात, “आमच्या गेजवर कॅलिब्रेशनचा स्टिकर आहे.” असू दे. एचएमटीची घड्याळे आठवतात ना? १९६१ पासून ती याच गावात बनत. आपल्यातल्या कित्येकांच्या वडिलांना निवृत्तीला तेच मिळाले. २०१६ साली सरकारने तो धंदा बंद करायचा निर्णय घेतला, पण घड्याळे अजून चालताहेत. समजा एक घड्याळ रोज बरोबर पाच मिनिटे पुढे असते. त्याची चूक ठरलेली आहे, पाच वजा केले की काम झाले. दुसरे घड्याळ कधी पाच पुढे, कधी पाच मागे. त्याची सरासरी अगदी बरोबर! स्टिकर हा सरासरीचा दाखला असतो. प्रयोगशाळेत, शांतपणे, एका तज्ज्ञाच्या हातात गेज बरोबर होता, एवढेच तो सांगतो. रात्री तीन वाजता, पावसात, बॅटरीच्या उजेडात, ग्रीसच्या हाताने तो काय दाखवतो हे स्टिकरला माहीत नसते. दोन्ही कागद मागा, स्टिकरचाही आणि हातांच्या परीक्षेचाही.

आता टपाल बंधूंचा काटा. पत्राचा दर २० ग्रॅमच्या टप्प्याने वाढतो. स्पीडपोस्टात ५० ग्रॅमवर टप्पा बदलतो. पाकीट ३० ग्रॅमचे असेल तर काटा दोन ग्रॅम चुकला तरी काही बिघडत नाही. पण ४९ ग्रॅमचे असेल तर तोच दोन ग्रॅमचा फरक पैशात दिसतो. काउंटरवरचा काटा एक म्हणतो, पुढे दुसरा काटा वेगळे म्हणतो. कमी तिकीट लागले म्हणून तपासणीत शेरा, मग नियम १६ ची नोटीस आणि वसुली. आमच्या ओळखीच्या एका काउंटर क्लार्क भगिनीला पगारातून भरावे लागले. रक्कम किरकोळ होती, पण सर्व्हिस बुकात नोंद झाली आणि ती नोंद किरकोळ नव्हती. तिने विचारले होते, की माझ्या टेबलावर फॅन आहे, त्याच्या वाऱ्याने काटा हलतो, तो कोणी पाहिला का? कोणी पाहिला नव्हता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचा काटा वैधमापनाचा शिक्का असल्याशिवाय चालत नाही. मग ज्या काट्यावरून माणसाच्या पगारातून वसुली होते, त्याच्या पडताळणीचा कागद मागणे ही उद्धटपणाची गोष्ट कशी ठरते?

तेव्हा मापावर उभी असलेली कोणतीही चार्जशीट आली, मग ती रेल्वेची एसएफ-फाइव्ह असो की टपालाची नियम १४ किंवा १६ ची नोटीस, उत्तर लिहिण्याआधी शाखेने लेखी मागावे. कोणत्या नंबरच्या उपकरणाने मोजले, ते शेवटचे कधी पडताळले, मोजणाऱ्याला कोणी शिकवले, तीच वस्तू दुसऱ्या माणसाने दुसऱ्यांदा मोजली का आणि काय आले. आणि वस्तू जपून ठेवा, हे पहिल्याच दिवशी कळवावे. आमच्या सहकाऱ्याचे चाक सिक लाइनवर उभे होते म्हणून तो वाचला. ते भंगारात गेले असते, तर कोणत्या चाकाला गेज लावणार होतो?

परीक्षेतली एक चलाखीही ओळखून ठेवा. दहा नग कोण निवडतो, यावर निकाल फिरतो. मुद्दाम फार जाड आणि फार बारीक नग घातले की नगांचा फैलाव मोठा होतो, मोजण्याचा वाटा लहान दिसतो आणि वाईट गेज पास होतो. रोजच्या मालातून नग उचलताना आपला माणूस तिथे हवा.

आणि एक कडू गोष्ट. ही परीक्षा आपल्याही विरुद्ध जाऊ शकते. न मोजता कालचेच आकडे आज लिहिणारे लोक आपल्यात आहेत, सभेत नाव घेत नाही. सहा महिने प्रत्येक नोंद तंतोतंत सारखी असेल, तर ती खरी मोजणी असू शकत नाही, कारण खरा आकडा थोडा तरी हलतो. अशा माणसासाठी आमच्याकडे बचाव नाही. मागच्या वर्षी अशा एका सभासदाची केस आम्ही घेतली नाही आणि शाखेत त्यावरून बरीच बाचाबाची झाली. आज विचाराल तरी आमचे उत्तर तेच आहे. त्याच्या सहीवर विसंबून रात्री दोन वाजता इंजिनात जो बसतो, तोही आपलाच सभासद आहे.

बोलणे पुरे झाले. चहा बाहेर लागला आहे. चहानंतर तिघा-तिघांचे गट करा. रेल्वेच्या गटांना दहा बोल्ट आणि एक व्हर्नियर, टपालाच्या गटांना दहा बंद पाकिटे आणि एक काटा. प्रत्येकाने तीन फेऱ्या करायच्या. नंबर मागच्या बाजूला आहेत, ते बघायचे नाहीत. आपला आकडा शेजाऱ्याला सांगायचा नाही, चिठ्ठीवर लिहून आमच्याकडे द्यायचा. पंखे चालू ठेवा, बंद करू नका. आणि पहिल्या गटात आमचेही नाव घाला, १९९८ पासून हात सुधारला की नाही ते बघू.